पांढऱ्यावर तीन हिरव्या बांगड्या

"भाऊ, तिकडं लांब ऱ्हावा आन् सांगा, दिसतंय का?"

हे वाक्य मी पेंटरच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल कोण जाणे. हातात ब्रश, कानावर पेन्सिल, आणि मला वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत मागे मागे पिटाळायचं. मी ऑफिसात ड्राफ्ट्समन, हा कतारच्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपचा पेंटर. पण पाटी रंगवून झाली की हुकूम तो सोडायचा आणि उन्हात जाऊन मी उभा राहायचो. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल, ज्याच्यापुढे आपला डिप्लोमा गुपचूप खिशात ठेवावा लागतो.

हा सातारा जिल्ह्यातला, जातीने कासार. कतारला आला तेव्हा ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. नजमा नावाच्या वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहायचा. अरबी वाचता येत नव्हती, पण नमुना समोर ठेवला की अक्षरं अशी वळणदार काढायचा की अरबी गिऱ्हाईक बोर्डावरून हात फिरवून बघायचं.

आमच्या कंपनीत एक म्हातारा इंग्रज सर्व्हेअर होता. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी तो आणि त्याची वीस-पंचवीस मित्रमंडळी अल रय्यानजवळच्या एका मैदानावर जमायची आणि जुन्या काळातले युरोपातले सरदार व्हायची. पत्र्याची चिलखतं, वेताच्या तलवारी, बायकांचे घोळदार झगे. मला हा सगळा मोठ्या माणसांचा पोरखेळ वाटायचा आणि मी तसं बोलूनही दाखवायचो, अर्थात मराठीत. प्रत्येकाची एक ढाल असे आणि ढालीवर ज्याचं त्याचं चिन्ह. त्या ढाली रंगवायला साहेबाने पेंटरला बोलावलं, आणि दोघांच्या मध्ये बोलायला मला.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. चार ढालींवर सिंह काढायचे होते. पेंटरने पाटीवरचा बाण काढावा तसे चारही सिंह बघणाऱ्याच्या उजवीकडे तोंड करून काढले. साहेब हसला. ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी, आपल्याला ती डावीकडे दिसते. हे सिंह शत्रूला पाठ दाखवून पळतायत, असं त्याचं म्हणणं. मी ते मराठीत सांगितलं. पेंटरने एक ढाल स्वतःच्या हातात चढवली, आपली उजवी कुठं येते ते पाहिलं, आणि चारही सिंह पुसून पुन्हा काढले.

मग त्याला नाद लागला. साहेब शिकवायचा आणि हा शाळेतल्यासारखा घोकायचा. पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी, हे दोन धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू चालत नाही, रंगावर रंग चालत नाही. का, तर लढाईच्या धुरळ्यातही ढाल लांबून ओळखू आली पाहिजे. हे ऐकल्यावर पेंटर माझ्याकडे वळून म्हणाला, "आवं, ह्येच तर मी तुमास्नी रोज सांगतोय." दोन हिवाळ्यांत तो असा तयार झाला, की एखादा गोरा इंजिनिअर लाल ढालीवर काळी घार मागायला आला की हाच हात वर करायचा. "नो सर. कलर ऑन कलर, खलास."

दर हिवाळ्याच्या शेवटी त्यांची मिरवणूक निघे. साहेब एकेकाचं नाव, बापाचं नाव आणि गाव पुकारायचा आणि तो माणूस आपली ढाल घेऊन पुढे यायचा. पेंटर रंगाच्या टेबलामागे उभा राहून बघायचा. तिसऱ्या हिवाळ्यात तो मला म्हणाला, "मलाबी एक ढाल पायजे. साहेबाला इचारा."

मी साफ नाही म्हटलं. पेंटर, आपण कामापुरते. उद्या ते नाही म्हणाले तर ऑफिसात कुठल्या तोंडाने बसायचं, असं बरंच ऐकवलं. खरं सांगायचं तर काळजी मला माझ्याच तोंडाची होती. तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःच विचारून आला. साहेबाने एवढंच सांगितलं की सगळे आणतात तसं चिन्ह कागदावर काढून आण.

त्याने आणलं. पांढऱ्या ढालीवर तीन सोन्याच्या बांगड्या. साहेबाने कागद पाहिला आणि परत केला. धातूवर धातू. अख्ख्या मैदानाला नियम शिकवणारा हा माणूस स्वतःच्या ढालीवर नेमका तोच चुकला होता. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा सगळं सोडणार.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, पांढऱ्याच्या जागी निळा घाल, सोनं राहील आणि नियमातही बसेल.

"भाऊ, सोन्याच्या म्या मोठेपणापायी काढल्या," तो म्हणाला. "आमचा बा काचेच्या इकायचा. हिरव्या. बाजारात पांढरं फडकं हातरून त्यावर मांडायचा. म्हटलं, सायबांच्यात काच कशी काढावी?"

मी त्याचा कागद उलटा करून कोरी बाजू त्याच्यापुढे धरली.

पुढच्या शुक्रवारी पांढऱ्यावर तीन हिरव्या बांगड्या आल्या. साहेबाकडे एक जाड वही होती, तीत मंडळीतल्या प्रत्येकाची ढाल रंगवलेली असे. त्याने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शोधलं. तसं चिन्ह कुणाचंच नव्हतं. मग त्याने वडिलांचं आणि गावाचं नाव विचारलं. या वेळी दोघांच्या मध्ये मी बोललो, कुणी न सांगता. त्या आठवड्यात साहेब रोज माझ्या टेबलाशी येऊन ती दोन्ही नावं म्हणून बघत होता.

मिरवणुकीच्या दिवशी त्याने ती स्वच्छ, खणखणीत पुकारली. पेंटर टेबलामागून बाहेर आला. कुणीतरी दिलेला सरदारी झगा त्याच्या पायात येत होता. ढाल मात्र त्याने छातीशी सरळ धरली होती. मी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. डोळे भरून आले होते, ते कुणी पाहिलं असेल तर पाहिलं.

पुढच्या वर्षी त्याचा करार संपला आणि तो गावी गेला. तिथे बोर्ड रंगवायचं दुकान टाकल्याचं एक पत्र आलं. मी राहिलो आणि, हसू नका, शुक्रवारी साहेबाच्या वहीची पानं रंगवायला जाऊ लागलो.

तीन-चार हिवाळे गेले असतील. एक नवा इंजिनिअर आपलं चिन्ह घेऊन आला. पांढऱ्यावर तीन हिरवी कडी. साहेबाने वहीतलं पेंटरचं पान उघडून त्यावर बोट ठेवलं. हे गृहस्थ कुठे आहेत, असं त्या इंजिनिअरने विचारलं. भारतात परत गेले, आता येणार नाहीत, मी म्हणालो. मग ही ढाल रिकामीच आहे की, तो म्हणाला.

साहेबाने वही मिटली. "तो घरी गेलाय," साहेब म्हणाला. "ढाल त्याने सोडलेली नाही."

इंजिनिअरने कोरा कागद पुढे ओढला.