वीतभर राहिलेलं कापड

खालापूरला एसटी स्टँडमागे राहणारे विणकर मामा माग चालू असताना बोलत नसत. कुणी काही विचारलं की माग थांबवावा लागे, आणि ते त्यांच्या अगदी जिवावर येई. हातातला धोटा गुडघ्यावर आपटत म्हणत, "बोला लवकर."

मला बाळ पाठीशी बांधून डोंगराखालच्या शाळेत शिकवायला जायचं होतं, म्हणून मी सातव्या महिन्यातच त्यांना लांब, मऊ सुती पट्टा विणायला सांगितला. त्यांच्या बायकोने सुतळीने माझी पाठ मापली. पट्टा वीतभर विणायचा राहिला आणि मामांनी हात थांबवला.

"आमच्यात बाळ रडल्याबिगर पुरा करत नाय."

"पण मामा, तोवर माग अडून राहील."

"राहू दे."

पंचे मागायला आलेली गिऱ्हाइकं ते परत पाठवू लागले. मी रोज तिथूनच शाळेची एसटी धरायला जाई. रिकाम्या हातांनी बसलेले मामा माझ्याकडे बघून नुसती मान हलवत.

बाळ रडलंच नाही.

पुढे कितीतरी दिवस मी लांबच्या रस्त्याने स्टँडवर जात होते. एकदा मात्र मन घट्ट करून त्यांच्या दारात शिरले. पट्टा मागावर तसाच होता, वर जुनं धोतर टाकलेलं.

"मामा, कापून टाका तो. तुमचं काम किती दिवस अडवायचं?"

ते उठले. धोतर बाजूला करून कापडावरची धूळ हलक्या हाताने झटकली आणि त्यावर पुन्हा धोतर पसरलं. मग माझ्यासाठी पाट सरकवला.

"बसा बाई," म्हणाले. "सावकाश बोला."