लाकडावरचा दगड

झेनसेईमामासारखा हट्टी माणूस आमच्या बेटावर दुसरा नाही, आणि हे मी त्याची सख्खी भाची म्हणून सांगतेय. वय चौऱ्याहत्तर, उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, तरी उत्तरेचा वारा सुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर याची फेरी ठरलेली. समुद्र तिथे काय काय आणून टाकतो: बांबू, दोर, जाळी तरंगती ठेवणारे काचेचे गोळे, परक्या लिपीतल्या बाटल्या. मामाला त्यातलं काही नको असतं. त्याला हवा असतो देवदाराचा ओंडका, सरळ, बिनगाठीचा, तीन वाव म्हणजे अठराएक फूट लांब.

हे सगळं आमच्या पूर्ववाडीच्या शर्यतीच्या होडीपायी. होडी त्याच्या वडिलांनी बांधलेली, आता तिचा तळ कुजलाय. पश्चिमवाडीने केव्हाच फायबरची आणली. पुढच्या वर्षीच्या कापणीच्या सणापर्यंत तळ बदलला नाही, तर आपणही तशीच आणू, असं वाडीने ठरवून टाकलं. लाकडाच्या खुंट्या मारून फळी बसवणारा मामाच एक उरलाय. पण विकतची फळी म्हणाल तर त्याला चालत नाही. तळाला समुद्राने दिलेलंच लाकूड लागतं, विकतचं म्हणे पाण्यात बावरतं. सहा वर्षं झाली, समुद्र काही देईना आणि हा काही ऐकेना.

माझ्या घरात चार खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. ओहोटीला त्यांना शिंपले वेचायला न्यायचं, खारफुटीतून वल्हवायला लावायचं, कड्याखालच्या गुहेत उतरवायचं आणि वाटेत बेटाच्या गोष्टी सांगायच्या, यावर माझं पोट आहे.

त्या सोमवारी पाहुण्यांना बोटीवर सोडून घरी आले, तर मामा पायरीवर बसलेला. गुडघ्यापर्यंत वाळू.

"आला," तो म्हणाला. "तीन वाव भरतो. गाठ नाही. वासही आहे अजून."

मी ट्रकची किल्ली शोधायला लागले.

"राहू दे. त्याच्यावर दगड आहे."

मी किल्ली शोधायची थांबले. वाहून आलेल्या वस्तूवर ज्याने आधी दगड ठेवला, ती त्याची. मग ती वर्षभर पडून राहिली तरी आमच्याकडे कुणी तिला बोट लावत नाही.

मामाने पंचायतीच्या कर्ण्यावरून पुकारा करवला: पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या देवदारावर दगड कुणाचा, त्याने येऊन भेटावं. तीनदा पुकारलं. कुणी आलं नाही. मग तो दोन्ही वाड्यांतलं घर न् घर हिंडला, प्रत्येक ठिकाणी चहा पिऊन, काळ्या साखरेचा खडा तोंडात टाकून हात हलवत परत. राहिला होता फक्त म्हातारा सेइकिची, तो शेजारच्या मोठ्या बेटावर, इशिगाकीच्या हॉस्पिटलात. गुरुवारच्या बोटीने येणार होता. मामा म्हणाला, त्याचाच असणार, आला की मागून घेऊ.

"बुधवारी अमावास्या आहे," मी म्हटलं. "मोठी भरती येईल. निदान वर तरी ओढून ठेवू."

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायला तुझ्या आईने शिकवलं होतं का?"

"मामा, तो दगड उचल आणि समुद्रात फेक. बघतंय कोण?"

"मी बघतोय ना."

माझं डोकं फिरलं. एका डोळ्याने दिसतं आणि हा मला सांगतोय! दगड ठेवून गायब झालेल्या त्या अज्ञात माणसाला मी दोन दिवस स्वयंपाकघरात इतक्या शिव्या घातल्या, की भातसुद्धा करपला.

बुधवारी दुपारी लाटा थेट केवड्याच्या बनापर्यंत चढल्या. ओंडका गेला. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून तो खाडीच्या तोंडातून बाहेर जाताना बघत होता. तेव्हाही त्याने हात लावला नाही. गुरुवारी सेइकिची बोटीतून उतरला. म्हणाला, अरे, मी किनाऱ्यावर जाऊन दोन वर्षं झाली.

शनिवारी माझ्या फोनवर ओसाकाहून फोटो आला. सोमवारी गेलेलं कुटुंब. त्यांची चिमुरडी देवदाराच्या ओंडक्याशेजारी उभी, ओंडक्यावर पांढरा पोवळ्याचा दगड. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही सांगितलेली दगडाची गोष्ट तिला फार आवडली. ही आमची आठवण.'

दगडाची गोष्ट मी प्रत्येक पाहुण्याला सांगते. ऐकून सगळे हसतात, कुणी कुणी वहीत लिहून घेतं. त्या दोन दिवसांत मला एकदाही या लोकांची आठवण झाली नव्हती. फोटो लपवावा असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गेले आणि मामाच्या पुढ्यात फोन धरला.

तो शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फोन चांगल्या डोळ्याजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"पोरीने दगड नीट ठेवलाय," तो म्हणाला. "अगदी मधोमध."

"मामा, चूक माझी आहे."

"ते राहू दे. उद्या सकाळी मी परत जाणार. आता दगड दिसला, तर तो कुणाचा समजायचा, तेवढं सांग."