न उचललेले कापड

अमरावतीच्या पोपटवाल्याने अकोल्याच्या बाजारात मला फसवले. “एकाच पिंजऱ्यातले जिवाभावाचे दोस्त हायेत, शेठ,” असे सांगून त्याने एक थोराड आणि एक मुठीएवढा पोपट माझ्या गळ्यात मारला. आज पेरू चिरला आणि त्या वासाने ती सकाळ आठवली.

कापसाच्या तेजीचे दिवस होते. सरकी दाताखाली फोडून कापूस पारखणारा मी. पण पोपटांचा सौदा आमच्या व्यापाऱ्यांच्या रीतीने, रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत केला आणि पिंजऱ्यावरचे कापड उचललेच नाही.

घरी ते काढले. मोठा लहान्याला मारेल म्हणून मी काठी घेऊन बसलो. लहान्यानेच मोठ्याचा पंजा चावला आणि दोघांसाठी टाकलेला पेरू एकट्याने फस्त केला.

“काहून जी, आता मोठ्यालेच वाचवा लागते का?” बायको हसली.

मी संतापून दोघांना वेगळे केले, तर मोठ्याने दाणापाणीच सोडले. तिसऱ्या दिवशी त्याची मान कलली. घाबरून लहान्याला आत सोडले. त्याने आधी कडकडून चावा घेतला, मग मोठ्याचे डोके हळूहळू खाजवले. मोठा डोळे मिटून बसला आणि थोड्या वेळाने दाणे टिपू लागला.

तेव्हा मी पोपटवाल्याला फक्त शिव्या दिल्या. आता वाटते, तो खरेच बोलला असेल. मग पोपटवाल्या, असली दोस्ती असते हे आधी का नाही सांगितलेस? जवाब दे!