प्रेशर माझं, पाइप तुमचे!

टाकीत गाळ साचतो तसे माणसाजवळ किस्से साचतात. गाळ मी स्वतः टाकीत उतरून काढते. किस्से काढायला मात्र कोणीतरी समोर बसावं लागतं. बसलाच आहात, तर ऐका!

सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडे आमचा माळ आहे. माझी सून कविता हिनं तिथं घरगाड्यांचा तळ काढला. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं! गाडी येते, आमच्या नळाला नळी जोडते, की घरात पाणी सुरू.

पोरगा गोविंद मला याडी म्हणतो, म्हणजे आई. पहिल्या दिवशीच म्हणाला, "याडी, एक हंगाम बघू. गाड्या न्हाई आल्या तर तळ मोडायचा अन् समद्यांनी पुण्याला कामाला जायचं."

मी कशाला गप्प बसते? म्हटलं, "पाणी माझ्या ताब्यात दे. मग बघते कोण पुण्याला जातंय ते!"

*

शिरड शहापूरहून व्याही तळ बघायला आले. कवितेचे वडील. सगळं फिरून झाल्यावर मिशीतल्या मिशीत हसले.

"विहीणबाई, घर गाडीत अन् पाणी मागायला तुमच्या दारात? मग ते घर कशाचं?"

मी म्हटलं, "आमचे आजे बैलांवर संसार लादून मुलूखभर फिरायचे. तांडा उतरायचा तो पाणी बघूनच. हे बी तेच करून राहिले. फक्त यांचे बैल डिझेल पितात!"

व्याह्यांनी चहा दोनदा घेतला. हसू परत आलं नाही.

*

पहिला फोन नागपूरच्या एका साहेबांचा. कविता बाजाराला गेलेली, म्हणून मी उचलला.

"आजी, प्रेशर किती आहे तुमच्याकडे?"

अनोळखी माणूस इतक्या मायेनं विचारतोय म्हटल्यावर मी खरं सांगितलं. "डॉक्टर म्हणतो जरा जास्तच आहे. पण गोळी चालू आहे."

"अहो, जास्त असेल तर आमचे पाइप फुटतील!"

"तुमचे पाइप काहून फुटतील? प्रेशर माझं हाय!"

साहेब इतके हसले की दुसऱ्याच दिवशी बायको-लेकरांसकट हजर झाले!

*

पण पाइप खरंच फुटला. माझ्या प्रेशरनं नव्हे, गोविंदच्या मोटारीनं. पाणी दणक्यात आलं पाहिजे म्हणून त्यानं बोअरची मोटार थेट नळांच्या लाइनला जोडली होती. गाडीतले पाइप नाजूक, बेसिनखालचा जोड उडाला. गादी भिजली, चपला दारातून वाहत बाहेर आल्या आणि त्यांच्या मागोमाग टॉवेल गुंडाळलेले साहेब!

"आजी, धबधबा बघायला आम्ही बाहेर जाणार होतो. तुम्ही घरातच आणला!"

मी त्याच दिवशी कळमनुरीला गेले. दुकानदाराला म्हटलं, "रेग्युलेटर दे."

"गॅसचा?"

"पाण्याचा. नळाला बसवायचा, म्हणजे मागून कितीबी जोर आला तरी पुढं बेतानंच जातं."

तो गिऱ्हाइकांकडं बघून डोळा मारतो. "मावशी, पाण्याला कशाला रेग्युलेटर? पाणी काय पेटतं का?"

"पाणी न्हाई पेटत. मी पेटते! मागव!"

मागवला. आता त्याच्या दुकानात काचेमागं ओळीनं मांडलेले असतात. विचारलं की सांगतो, "आमीच आणला जिल्ह्यात पहिल्यांदा." सांगू द्या बापड्याला!

*

एका दुपारी आरडाओरडा. एका बाईनं साबणाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत नळी बुडवून ठेवली होती. तेवढ्यात लाइट गेली आणि बादली सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिकामी होत गेली!

"आजी, बादली कोणी पिली हो?" बाई भेदरलेल्या.

गोविंदसुद्धा लिंबाच्या झाडाकडं संशयानं बघून राहिला होता.

"भूत न्हाई, पाइप पिला," मी म्हटलं. मोटार थांबली, पाणी माघारी फिरलं आणि बुडालेल्या नळीनं बादलीतलं सगळं ओढून घेतलं. शेजारच्या नळाला फेस आला तेव्हा सगळ्यांना पटलं.

मी लाइन रिकामी केली, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकून धुतली, प्रत्येक नळाला पाणी माघारी न येऊ देणारा व्हॉल्व बसवला. आणि नियम केला: आपण तांब्या कसा वरून पितो, तशी नळी वर धरायची. तोंड लावायचं न्हाई!

एक चष्मेवाले पाहुणे म्हणाले, "आजी, या जमान्यात शिवाशिव?"

"माणसाची शिवाशिव केली तर मीच तोंड फोडीन," मी म्हटलं. "ही घाणीची हाय. ती पाळायची!"

*

एकानं तर कमालच केली. ज्या नळीनं गाडीचा संडास धुतला, तीच नळी पिण्याच्या टाकीत घालायला निघाला! मी विळा घेऊन गेले आणि नळी मधोमध कापली.

"अहो, माझी नळी कापली तुम्ही!"

"व्हय. आता दोन झाल्या."

"म्हणजे एक संडासाला, एक पिण्याला?"

"न्हाई. दोन्ही संडासालाच!"

*

आणि मग आला तो ताफा. घरगाडीवाल्यांचा मोठा ग्रुप. त्यांच्या म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. या माणसानं पसंत केलं तर ग्रुप कायम आमच्याकडं उतरणार, नाहीतर हंगाम संपत आलेला आणि गोविंदनं पुण्यात खोलीसुद्धा बघून ठेवलेली!

कॅप्टननं उतरल्या उतरल्या जाहीर केलं, "जागा छान आहे. पण बाहेरचं पाणी आम्ही तोंडात घेत नाही. आमचे कॅन आमच्यासोबत." गाडीच्या टपावर उन्हात तापलेले कॅन! संध्याकाळी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "प्लास्टिकचा वास मारतोय."

कवितेनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला होता.

सकाळी मी टाकीकडं निघाले तर कॅप्टनची बायको लिंबाच्या आळ्यात कॅन उपडे करून राहिलेली! एकेक कॅन विसळला, आमच्या नळाखाली धरला, भरला, झाकण लावलं. मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

थोड्या वेळानं कॅप्टन चहा पिऊन राहिले होते. दुसरा कप मागितला. "आज चहा फक्कड झालाय! कॅन बदलले का गं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "कॅन तेच आहेत."

कॅप्टन खूश होऊन उठले आणि गोविंदच्या पाठीवर थाप मारली. "ठरलं! आपला ग्रुप आता कायम इथंच उतरणार. फक्त एक करा, पाण्याची तकलीफ घेऊ नका. पाणी आमचं आम्ही आणतो!"