बाजेवरचं पोहणं

अजूनही कुठे बाज करकरली की मी तिथून उठून जातो. घरात मी बाज ठेवलेली नाही. पाहुण्यांना सांगतो, ढेकूण होतात.

श्रीगोंद्याजवळच्या एका गावात मी हायस्कूलवर भूगोल शिकवायचो. गावात इंग्रजी कागद आला की आधी माझ्याकडे यायचा, त्यामुळे माझी मिजासही बरीच होती. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी जाडजूड लिफाफा घेऊन आला. गणितात हुशार, लहानपणीच वडील गेलेले, आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणारी. सरकारनं एका जहाज कंपनीशी करार केला होता. निवडलेली पोरं थेट मालवाहू जहाजावर घ्यायची, काम शिकवायचं, परीक्षा देऊन अधिकाऱ्याचा परवाना मिळवू द्यायचा. बदल्यात पोरानं काही वर्षं त्याच जहाजांवर नोकरी करायची. याची निवड झाली होती. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

करारनामा मी भरला, जामीनदार म्हणून सहीही केली. शेवटच्या कागदावर गाडी अडली. उमेदवाराला पोहता येतं, असा जबाबदार माणसाचा दाखला हवा होता.

आमच्याकडे पोहणं म्हणजे विहीर. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि बापानं नाहीतर चुलत्यानं ढकलून द्यायचं. याला ढकलायला कुणी नव्हतं. आता शिकावं तर पंचक्रोशीतल्या विहिरींचे तळ उघडे पडलेले.

त्याची आई म्हणाली, "द्या की लिवून, गुर्जी. तितं लई पानी हाय म्हनं. आपसूक शिकंल."

आणि मला ते पटलं! एवढा शिकलेला मी, पण मलाही वाटलं, एवढ्या पाण्यात राहून माणूस कोरडा कसा राहील?

तरी मन खात होतं. मग मी एक अक्कल लढवली. अंगणात लिंबाखाली बाज टाकली, त्याला पालथं झोपवलं आणि आठ दिवस पोहायला शिकवलं. हात असे मार, पाय असे झाड, मान वळवून श्वास घे. जाणारे येणारे हसायचे. तो मात्र तोंडानं आकडे मोजत, घामाघूम होऊन हवेत हात मारायचा. खाली बाज करकरायची. आठव्या दिवशी मी म्हणालो, "आलं तुला," आणि दाखल्यावर सही करून शाळेचा शिक्का मारला.

त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, मी ती त्याच्या आईला वाचून दाखवायचो. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'परीक्षेचा अभ्यास चांगला चाललाय. पोहणं तेवढं राहूनच जातंय. विचारलं तर येतं म्हणतो, कागदावर तुमची सही आहे ना.' एवढा भाग मी वाचला नाही.

दुसऱ्या वर्षी लांब लिफाफा आला. वादळात डेकवरून पडला. शोध घेतला, सापडला नाही. सबब करार संपुष्टात आला आहे. मी तो कागद घेऊन तिच्या दारात गेलो. ती बाजरी पाखडत होती. मी उभ्यानंच मराठीतून सांगितलं.

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "बुडाला, असं लिवलंय का?"

"नाही. बेपत्ता म्हटलंय."

"मंग?" तिनं सूप खाली ठेवलं. "तुमीच लिवून दिलंय न्हवं, पोराला पवाया येतं म्हनून? शिक्का हाय त्याच्यावर. यील की पवत. व्हय ना, गुर्जी?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि "हो" म्हणालो.

तिनं त्याचं दहावं-तेरावं केलं नाही. भावकीनं समजावलं, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली, त्यांना तो होकार वाटला. पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या वाटेवर ती भेटायची. रडायची नाही, दोष द्यायची नाही. डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून लांब बघत एवढंच विचारायची, "आजून किती लांब आसंल ओ, गुर्जी?"

आणि भूगोल शिकवणारा मी सांगायचो, "लांब आहे, मावशी."