शिळं पाणी

आमच्या फुटपाथवर लोखंडी पिंजऱ्यात बकुळीचं एक रोप आहे. पिंजऱ्यावर पाटी आहे: 'महापालिकेच्या निधीतून वृक्षलागवड व संगोपन.' काल सकाळी रस्ता झाडणाऱ्या शांताबाईंनी झाडू बाजूला टेकवला आणि आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी जाळीतून आत ओतलं.

मी म्हटलं, "अहो बाई, त्याला टँकर येतो की!"

"येतो ना, मंगळवारी," त्या म्हणाल्या. "तहान काय मंगळवारीच लागती व्हय?"

मला एकदम आमची जुनी गल्ली आठवली. सकाळी नळाला पाणी आलं की आई पितळी कळशी रिकामी करायची. पण ते कालचं शिळं पाणी मोरीत ओतायचं नाही, दारासमोरच्या कडुनिंबाला घालायचं, असा तिचा दंडक. समोरून कुणी तांब्या घेऊन यायचं, शेजारून कुणी बादली. तो कडुनिंब कुणी लावला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात मात्र अख्खी गल्ली त्याच्याखाली बसायची.

निधी हवाच. त्याशिवाय या सिमेंटमध्ये रोपासाठी खड्डासुद्धा कुणी खणला नसता. पण संगोपन हा शब्द आपण लेकरांसाठी वापरतो, आणि लेकराला कुणी आठवड्यातून एकदा पाणी पाजत नाही.

घरी आता फिल्टर आहे. पाणी शिळं व्हायची सोयच उरलेली नाही. आज मी माळ्यावरून आईची कळशी काढली, चिंचेनं घासली आणि भरून ठेवली.

उद्या सकाळी ते पाणी शिळं होईल.