कान तुटलेला कप

ऐंशीच्या दशकात नेरूळला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक जुना फ्रेंच सिनेमा दाखवला होता. त्यात श्रीमंत मालक जेवताना गप्पा मारतात आणि मोलकरीण ट्रे धरून मागे उभी असते. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. नंतरच्या चर्चेत मी त्या मालकांवर तुटून पडलो. टाळ्याही मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी घरी भांडी घासणारी बाई तिच्या नेहमीच्या कान तुटलेल्या कपातून चहा पीत होती. मी विचारलं, “मुलाचा ताप उतरला का?”

ती म्हणाली, “मला पोर नाय, साहेब. ती पहिली बाई. ती वारली. दोन महिने मीच येते.”

तो कप मला अजून आठवतो. त्या पहिल्या बाईचा चेहरा आठवायला गेलो, की सिनेमातली मोलकरीण ट्रे धरून उभी राहते.